कुंडी पाणी पिते का?

एक रिकामी, कोरडी मातीची कुंडी घ्या. तीच आपली विटकरी रंगाची, तुळस लावायची. तिच्या अंगावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब धड ओघळतही नाही, तिथल्या तिथे जिरतो. मागे गडद डाग राहतो आणि थोड्या वेळाने तोही नाहीसा होतो. आता हाच प्रयोग लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीवर करा. (आजीला विचारून हं!) थेंब सुळकन घसरून खाली. बरणीला त्याचा पत्ताही नाही.

बोन्सायसाठी, म्हणजे कुंडीत बुटकं राखलेल्या झाडासाठी, कुंडी घ्यायची तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही कुंडी पाणी पिते का? रंग, आकार, नक्षी सगळं नंतर.

दोन्ही भांडी मातीचीच, मग एवढा फरक कशाने पडला? थोडा मातीच्या जातीने आणि बराचसा आचेने. आपल्याकडच्या माठ-कुंड्या साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजल्या जातात. माती कडक होते, पण कणाकणांमधल्या बारीक पोकळ्या तशाच राहतात. पाणी शिरतं ते त्यांतून. सोसणारी माती असेल आणि आच १२०० अंशांच्या आसपास नेली, तर मातीतली काही खनिजं वितळू लागतात, पोकळ्यांमध्ये पसरतात आणि निवल्यावर काचेसारखी घट्ट होतात. वाटच बुजली, आता पाणी जाणार कुठून? अशा भांड्यांना स्टोनवेअर म्हणतात. आजीची बरणी त्याच घराण्यातली आणि जपानमधल्या बहुतेक नावाजलेल्या बोन्साय कुंड्याही.

या कुंड्यांचं एक मोठं गाव म्हणजे जपानच्या आइची प्रांतातलं टोकोनामे. तिथे जवळजवळ ९०० वर्षं भांडी घडताहेत. मोठाले रांजण झाले, चहाच्या किटल्या झाल्या, सांडपाण्याचे नळसुद्धा झाले. तिथल्या एका चढणीच्या वाटेवर एका बाजूच्या भिंतीत जुने मातीचे नळ आडवे रचून बसवलेत आणि दुसऱ्या बाजूला मातीच्या बाटल्या. म्हणजे भिंतभर नुसती गोल गोल तोंडं! जवळच १८८७ साली बांधलेली एक भट्टी आहे, टेकडीच्या उतारावर चढत गेलेली. तिला एक-दोन नाही, दहा धुराडी आहेत.

टोकोनामेच्या मातीत लोह भरपूर. भाजताना हवा खेळती ठेवली की कुंडी तांबूस होते; हवा कमी पडू दिली की तीच माती काळपट करडी निघते. रंगाची पुडी न उघडता दोन रंग! पाइन, ज्युनिपर अशा सूचिपर्णी झाडांना तिथे अशा साध्या, बिनचकाकीच्या कुंड्या देतात. मेपलला किंवा फुलझाडांना मात्र ग्लेझ केलेली, म्हणजे बाहेरून काचेचा पातळ थर चढवलेली कुंडी चालते. त्या थरात तांबं असलं तर बहुधा हिरवा रंग येतो, कोबाल्ट असलं तर निळा. आतली बाजू साधारणपणे तशीच खरखरीत सोडतात. खरं सांगू? भडक निळी कुंडी दिसली की माझं झाडाकडे लक्षच जात नाही.

पण जपानी लोकांना पाणी न पिणारी कुंडी का हवी? एक कारण थंडी. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. कुंडीच्या अंगात मुरलेलं पाणी गोठलं की आतून ढकलाढकली सुरू होते आणि सकाळी कुंडीचे पापुद्रे निघालेले दिसतात, नाहीतर सरळ तडा. शिवाय बोन्साय म्हणजे लांबचा मामला. जपानमध्ये १६२५ पासून जोपासलेला एक पाइन १९४५ च्या हिरोशिमाच्या बाँबहल्ल्यातूनही वाचला. १९७६ मध्ये जपानने तो अमेरिकेला भेट दिला आणि आज तो वॉशिंग्टनमध्ये आहे. इतकी वर्षं जगणाऱ्या झाडाला दर हिवाळ्यात फुटणारी कुंडी कशी परवडेल?

आपल्याकडे उलटी गंमत. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर बर्फाची कसली भीती! तिथे मुळं शिजायची भीती. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात चटका बसेल इतकी तापते. पाणी पिणाऱ्या कुंडीचं पाणी बाहेरच्या अंगावरून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, माठात होतं तेच. मुळं गार राहतात. मात्र माती भराभर सुकते, म्हणून उन्हाळ्यात बहुधा दोनदा पाणी घालावं लागतं. पाण्यात क्षार असले तर कुंडीवर पांढरे डाग उमटतात. ती बुरशी नव्हे. पाणी उडालं, क्षार मागे राहिले.

तांब्याचं घंगाळ किंवा जुनी कढई कुंडी म्हणून सुंदर दिसेल, असं कुणाच्या तरी मनात आलंच असेल. नको. धातू उन्हात पटकन तापतो आणि तांबं मुळांच्या टोकांची वाढ थांबवतं. मुळं कुंडीत गोल गोल फिरू नयेत म्हणून काही रोपवाटिका मुद्दाम कुंडीला आतून तांबंयुक्त रंग लावतात!

आता बोन्सायची कुंडी असते उथळ. त्याने काय होतं? एक स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि आडवा, सपाट धरा. ठिबकणं पूर्ण थांबलं की तोच उभा करा. बघा, आणखी पाणी गळतं! कुंडी उथळ असली की आडव्या स्पंजासारखं तळाशी पाणी अडून राहतं. झाडं उथळ कुंडीत शोभतात म्हणून ठेवायची, पण मग माती चाळून दाणेदार हवी. आपल्याकडे विटांचे बारीक तुकडे मिसळतात ते त्यासाठीच. तळाला मोठी भोकं हवीत, त्यांवर जाळी आणि खाली हवा जायला बुटके पाय.

आता लगेच महागड्या कुंडीसाठी हट्ट धरू नका. जुन्या भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप मिळालं, तर पहिली काही वर्षं त्याला खोल, साधी कुंडीच लागते. श्रीखंडाचा मोठा रिकामा डबासुद्धा चालेल. भोकं मात्र घरातल्या मोठ्यांकडून पाडून घ्या आणि डबा थेट उन्हात न ठेवता दुसऱ्या कुंडीच्या आडोशाला ठेवा. खोड अंगठ्याएवढं जाड झालं की मग उथळ कुंडीचं बघू.