पोर्तुगीज रेड वाईन पापलेटसोबत बिघडते, भुजिंगसोबत जमते : असं का होतं?

तारापूरचा किल्ला, केळवे-माहीमचे कोट, वसईचा किल्ला. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या खुणा जागोजागी दिसतात. १५३४ साली वसई त्यांच्या ताब्यात गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आधी तारापूर आणि मग वसई मराठ्यांनी जिंकली. दोनशे वर्षं राज्य करणाऱ्यांची वाईन मात्र पालघर-बोईसरच्या बहुतेक घरांत आजही अनोळखीच आहे.

त्यात आयात वाईनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आहे. त्यामुळे बाटली महाग पडते आणि चुकीच्या पदार्थासोबत उघडली, तर पैसे आणि जेवण दोन्ही वाया जातं.

लेबलवर काय बघायचं?

'तिंतो' म्हणजे रेड, 'ब्रांको' म्हणजे व्हाईट आणि 'किंता' म्हणजे द्राक्षमळा. पोर्तुगालमध्ये अडीचशेच्या आसपास स्थानिक द्राक्षजाती आहेत आणि तिथे अनेक जाती एकत्र करून वाईन बनवण्याची जुनी पद्धत आहे. म्हणून द्राक्षाच्या नावापेक्षा प्रदेशाचं नाव जास्त उपयोगी पडतं.

'दोरू' हा १७५६ साली सीमा आखून दिलेला प्रदेश. गोड आणि कडक पोर्ट वाईन इथलीच, पण इथे साधी रेडही बनते आणि ती साधारण दमदार असते. दक्षिणेकडचा 'अलेंतेजू' उष्ण प्रदेश आहे. तिथली रेड पिकलेल्या फळांच्या चवीची आणि बरीचशी मऊ असते. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती सोपी जाते.

पापलेटसोबत का बिघडते?

बहाडोलीची जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी आखडते, ते आठवा. ते काम टॅनिनचं. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून हेच टॅनिन रेड वाईनमध्ये उतरतं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मटण किंवा चिकन सोबत असेल, तर त्यातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला नरम करतात.

मासळीचं गणित वेगळं आहे. वाईनमधलं लोह आणि माशातलं तेल एकत्र आलं की तोंडात उग्र, धातूसारखी चव राहते. म्हणून सातपाटीचं ताजं पापलेट असो की सुके बोंबील, दमदार रेड दूरच ठेवलेली बरी.

तिखटाचंही तसंच. मिरचीची आग अल्कोहोलमुळे आणखी भडकते आणि टॅनिन कडू लागायला लागतं. झणझणीत रस्सा असेल, तर कमी अल्कोहोलची, हलकी बाटली निवडावी.

मग जमतं कशासोबत?

आगाशीचं प्रसिद्ध चिकन भुजिंग घ्या. निखाऱ्यावर भाजलेलं चिकन, सोबत पोहे आणि बटाटा. धुराची चव अलेंतेजूच्या फळाळ रेडशी चांगली जुळते आणि पोहे-बटाटा तिखट सांभाळून घेतात. फक्त मिरची बेताची हवी. सुकं मटण आणि भाजलेलं वांगंही चालतं.

वसईच्या ईस्ट इंडियन घरांतलं पोर्क इंदियाल हे तर जुनं नातं आहे. पोर्तुगीज 'विन्या द'आल्योश' म्हणजे वाईन आणि लसणात मुरवलेलं मांस. इथे आल्यावर वाईनची जागा व्हिनेगरने घेतली आणि मसाले वाढले. गोव्याच्या विंदालूचं मूळही हेच. या आंबट, चरबीयुक्त पदार्थासोबत दोरूची रेड घेऊन बघता येईल.

बाटली किती थंड हवी?

रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. बोईसरच्या उकाड्यात तिशी पार केलेली वाईन नुसती अल्कोहोलची लागते. त्यामुळे उघडण्याआधी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. उरली तर बूच घट्ट लावून पुन्हा फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

पहिला घोट नुसता घ्या, दुसरा घासानंतर. दुसरा घोट जास्त कडू लागला, तर त्या ताटासोबत ती बाटली जुळत नाही असं समजा.