नकाशाच्या जोडावरचा भूगोल

बेळगाव आणि निपाणी ही दोन्ही शहरे पुणे-बंगळूर महामार्गावरची, एकमेकांपासून सुमारे पाऊणशे किलोमीटर अंतरावरची. तरीही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशात ती एका पत्रकावर येत नाहीत. १६ अंश उत्तर अक्षवृत्त या दोघांच्या मधून जाते आणि पत्रकांची मालिका नेमकी तिथेच बदलते. जुन्या क्रमांकनात बेळगाव ४८ आय गटात आणि निपाणी ४७ एल गटात. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नवी मालिका आली, तिच्यातही बेळगाव डी ४३ मध्ये आणि निपाणी ई ४३ मध्ये. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला हा सगळा टापू एकसंध बघायचा, तर विद्यार्थ्याला आधी पत्रके कडेला कड लावून जुळवावी लागतात.

हा जोड निव्वळ गणिताचा आहे. त्याच्यात कुणाचा हेतू नाही, आणि पत्रके जुळवली की नद्या, रस्ते, समोच्चरेषा बिनतक्रार पुढे जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी पडलेल्या रेषेचे तसे नाही. राज्य पुनर्रचनेत जुन्या मुंबई राज्याचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. पुढचा इतिहास सीमाभागातल्या घराघरांत माहीत आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७च्या अहवालात त्याने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

या लढ्याची चार सूत्रे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. त्यातले दुसरे सूत्र सरळसरळ भूगोलाच्या वर्गातले आहे, आणि पहिल्याचा व तिसऱ्याचा आधार असलेले गावनिहाय जनगणनेचे आकडेही भूगोलाचा विद्यार्थी रोज हाताळतो. सभांमधून भूगोलाच्या आधारे इतका युक्तिवाद झालेला प्रदेश महाराष्ट्र-कर्नाटकात दुसरा नसेल. पदवीच्या वर्गात मात्र हाच प्रदेश अर्धा-अर्धा शिकवला जातो. हे नुकसान मोठे आहे आणि त्याची वाच्यता फारशी होत नाही.

बेळगावचे लिंगराज महाविद्यालय १९३३चे, राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५चे. दोन्ही सुरू झाली तेव्हा मुंबई विद्यापीठाची होती. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यांचा कारभार धारवाडकडे गेला. २०१०पासून बेळगावलाच, भूतरामनहट्टीला, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. त्याआधी बेळगावात १९८२पासून धारवाडचे पदव्युत्तर केंद्र चालत होते. एकाच कॉलेजात शिकलेल्या आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या पदवीपत्रांवर तीन वेगवेगळी विद्यापीठे असू शकतात.

निपाणीची गोष्ट याहून वेगळी. शहर कर्नाटकात; पण शहराला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. १९६०चे हे कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेले आहे. निपाणीतला मुलगा सायकलवरून राज्य ओलांडतो, मराठीतून शिकतो आणि कोल्हापूरची पदवी घेतो. त्याच्याच गल्लीतली मुलगी निपाणीतल्याच बागेवाडी महाविद्यालयात गेली, तर तिचा अभ्यासक्रम बेळगावचा आणि माध्यम कन्नड किंवा इंग्रजी. दोघांच्या घरांवर पडणारा पाऊस एकच असतो. प्रादेशिक भूगोलाच्या पेपरात मात्र एक जण महाराष्ट्राचे प्राकृतिक विभाग लिहितो, दुसरी कर्नाटकाचे. दोन्ही उत्तरांत निपाणी कडेला पडलेली असते.

पुढे प्राध्यापक व्हायचे तर रेषा आणखी गडद होते. सेट ही राज्याची परीक्षा आहे. जून २००२नंतर ती उत्तीर्ण झालेल्याची पात्रता त्या-त्या राज्यापुरतीच धरली जाते. महाराष्ट्राची सेट काढलेल्याला बेळगावात आणि कर्नाटकाची काढलेल्याला कोल्हापुरात ती उपयोगी पडत नाही. दोन्हीकडे चालणारी एकच, नेट. म्हणून सीमेवरचा हुशार विद्यार्थी एम.ए.च्या पहिल्या वर्षातच कुठल्या राज्यात नोकरी शोधायची ते ठरवून टाकतो, आणि संशोधनाचा विषयही त्याच राज्याच्या हद्दीत निवडतो.

हे असेच चालत आलेले नाही. चं. धुं. देशपांडे हे मराठी भूगोलज्ञांतले फार मोठे नाव. १९४१ साली इंडियन जिऑग्राफिकल जर्नलमध्ये त्यांचा एक निबंध आला होता. विषय होता मुंबई कर्नाटकातली बाजाराची गावे आणि ठरावीक काळाने भरणाऱ्या जत्रा. मुंबई कर्नाटक म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यातले बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे. आठवडी बाजार हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हेच तेव्हा पुष्कळांच्या गावी नव्हते. जर्मनीत वाल्टर क्रिस्टालर याने मध्यवर्ती गावांचा सिद्धान्त मांडला तो १९३३ साली, आणि चीनमधल्या बाजारगावांवरचे विल्यम स्किनर यांचे गाजलेले लेखन आले १९६४-६५ मध्ये. त्या दोहोंच्या मधल्या काळात आपल्या बाजारांवर असा निबंध लिहिला गेला होता, ही गोष्ट बेळगावच्या आणि कोल्हापूरच्याही प्रत्येक भूगोल विभागात अभिमानाने सांगितली गेली पाहिजे. देशपांड्यांचे ‘वेस्टर्न इंडिया’ हे प्रादेशिक भूगोलाचे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले, तेही धारवाडहून. पुढे १९७१ साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचा ‘जिऑग्राफी ऑफ महाराष्ट्र’ हा ग्रंथ काढला. पुस्तकांच्या नावांतूनही काळ दिसतो: आधी पश्चिम भारत, मग महाराष्ट्र.

अभ्यासाला हा प्रदेश किती समृद्ध आहे, हे पायांनीच कळते. आंबोलीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. बेळगावात तो साधारण तेराशेवर येतो आणि अथणीकडे जाता जाता सहाशेच्या आतबाहेर. हा सगळा उतार सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे. पावसाबरोबर माती बदलते आणि मातीबरोबर पीक: खानापूरकडे जांभा आणि भात, बेळगावच्या शिवारात वासाचा बासमती, निपाणीकडे विडीचा तंबाखू, पूर्वेला ज्वारी आणि पाणी पोचले तिथे ऊस. खडकांचीही तीच कथा. सह्याद्रीकडून पसरत आलेला दख्खनचा बेसॉल्ट बेळगाव जिल्ह्यात संपत जातो आणि गोकाकला घटप्रभा जिथून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, तो कडा त्याहून कितीतरी जुन्या कलादगी वालुकाश्माचा आहे. पर्जन्यछाया, मृदा आणि भूरचना हे तीन धडे एका दिवसाच्या एसटी प्रवासात डोळ्यांनी बघता येतील अशी जागा मिळणे हे कुठल्याही विभागाचे भाग्य.

पाणी तर रेषा मानतच नाही. घटप्रभा, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा या साऱ्या महाराष्ट्रात उगम पावून कर्नाटकात उतरतात. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. ते पाणी भुदरगड तालुक्यातल्या पाटगाव धरणाकडून वाहत आलेले. रस्ता बंद झाला कर्नाटकाच्या बाजूला, ट्रकांच्या रांगा लागल्या कागलपर्यंत. पूररेषेचा अभ्यास करणाऱ्याला वरचे आकडे एका राज्याच्या खात्यातून आणि खालचे दुसऱ्याच्या खात्यातून मिळवावे लागतात. २०१९च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापुरात अलमट्टी धरणाकडे बोट दाखवले जात होते. महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने पुढच्या वर्षी अलमट्टी हे त्या पुराचे कारण नसल्याचा निष्कर्ष दिला, तरी वाद शमला नाही, कारण अलमट्टीची उंची वाढवण्याची कर्नाटकाची योजना कायम आहे. अशा प्रश्नावर दोन्ही बाजूंना मान्य होईल असे काम व्हायचे, तर ते पूर्ण खोऱ्याचेच व्हायला हवे.

खानापूर तालुक्यात तर जलविभाजक हाच न्यायालयीन विषय झाला. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला जाते आणि त्याच डोंगररांगांतली म्हादई पश्चिमेला गोव्यातून समुद्राला मिळते. म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून वाद पेटला. २०१०च्या लवादाने २०१८ साली निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. जलविभाजक म्हणजे काय, हे खानापूरच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवण्याची गरजच नाही. कणकुंबीपर्यंत नेले की पुरे.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीवरचे बरेच निर्बंध उठवले. इस्रोचे भुवन संकेतस्थळ २००९पासून आहे आणि क्यूजीआयएससारखी प्रणाली फुकट मिळते. वर्गातल्या एका चांगल्या संगणकावर वेदगंगेचे सगळे पाणलोट क्षेत्र पाटगावपासून कृष्णेपर्यंत एका पडद्यावर मांडता येते.

सुरुवात देशपांड्यांच्या बाजारांपासून करता येईल. १९४१च्या निबंधात आलेल्या बाजारगावांपैकी आज कुठे बाजार भरतो, वार बदलला का, माल कुठून येतो आणि गिऱ्हाईक सीमेच्या कुठल्या बाजूचे, याची पाहणी अर्जुननगरचे आणि बेळगावचे विद्यार्थी मिळून एका उन्हाळ्यात करू शकतील. विक्रेत्याला मराठीतून विचारणारे आणि कन्नडमधून विचारणारे, दोघेही त्यांच्यात असतील. त्यासाठी शिवाजी आणि राणी चन्नम्मा या दोन विद्यापीठांनी परस्परांचा मार्गदर्शक मान्य करायला हवा, प्रकल्पाचे गुण दोन्हीकडे धरायला हवेत आणि एसटी व वायव्य कर्नाटक परिवहनाच्या पासची सोय करून द्यायला हवी. बेळगावातल्या रविवार पेठेत आणि शनिवार खुटावर पहिल्या दिवशीची प्रश्नावली भरता येईल.