वेळासचा बंब

संपादकांचा फोन आला तेव्हा परीक्षा संपत आल्या होत्या. ‘मुलाबाळांसकट राहता येईल असं समुद्रकाठचं घर शोधा. हॉटेल नको, घर हवं,’ एवढंच ते म्हणाले. त्याच आठवड्यात सासूबाई आणि सात वर्षांची लेक यांना घेऊन मी वेळासला गेले.

वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. हरिहरेश्वरच्या बाजूने आलात तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि बाणकोटवरून पुढे यायचं. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. आता मात्र ते ओळखलं जातं कासवांमुळे. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कोल्हे-कुत्री उकरायची. काही वर्षांनी पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले. गावात लॉज नव्हता, म्हणून गावानेच आपापल्या घरांची दारं उघडली. संस्थेचे भाऊ काटदरे आणि गावकरी यांनी मिळून कासव महोत्सव उभा केला, तो या घरांच्या आधारावर.

आम्ही उतरलो त्या घराला ओटी, पडवी, माजघर आणि मागे नारळ-पोफळीची वाडी होती. आमच्यासाठी पडवीलगतची खोली. जमिनीवर गाद्या, भिंतीला खुंट्या, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या. जेवण घरातल्यांबरोबर पंगतीत: कुयरीची भाजी, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी आणि रात्री उकडीचे मोदक. सासूबाई पहिल्या तासाभरातच घरच्या काकूंच्या शेजारी बसून मोदकांना कळ्या पाडायला लागल्या. घरातल्या आजोबांचं औषध, नातवाचा अभ्यास, गाईची धार हे सगळं आमच्यासमोर चालू होतं. पाहुणे आले म्हणून काही थांबलं नव्हतं, आणि त्यामुळेच आम्हाला तिथे परकं वाटलं नाही.

माझा जीव जडला तो न्हाणीघराबाहेरच्या बंबावर. कमरेएवढा तांब्याचा बंब, पोटाला दोन पोचे, एका सांध्याला डाग दिलेला. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी. पहाटे पाचला काकू आधी कालची राख खालून ओढून काढतात. मग वाळकी झावळीची पाती पेटवून नळीत सोडतात, त्यावर करवंट्या, आणि जाळ धरला की नारळाची सोडणं. सोडण भडकत नाही, धुमसत राहतं. ‘करवंटी पेटवते, सोडण टिकवतं,’ काकू म्हणाल्या. अर्ध्या तासाने बंब आतून गुणगुणायला लागतो. काकू तोटीला हात लावून नव्हे, त्या आवाजावरून पाणी झालं की नाही ते सांगतात.

या यंत्राची एक अट आहे. तोटी वरच्या अंगाला असते. गार पाणी नरसाळ्यातून थेट तळाशी जातं आणि वर चढलेलं गरम पाणी ढकलून बाहेर काढतं. म्हणजे गरम बादली हवी असेल तर आधी गार बादली ओतावीच लागते. लेकीने दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं, ‘काकू, न ओतताच घेतलं तर?’

‘थोडं येईल, मग तोटी कोरडी पडेल. तशीच आग राहिली तर बंब जळेल. म्हणून ज्याने घ्यायचं त्याने ओतायचं, बाळा.’

त्या घरात पाहुणचाराचा नियमही हाच होता. आपापलं ताट विहिरीजवळ नेऊन ठेवायचं, आंघोळ झाली की पुढच्यासाठी बादली भरून जायचं. कुणी पाटी लावलेली नव्हती. बंबानेच सगळ्यांना शिकवलं होतं.

बंब तापायला लागतो तसाच धीर किनाऱ्यावरही लागतो. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येऊन वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते. पहाटे घरटी राखणारे गावातले कासवमित्र तिच्या पावलांचा माग काढतात, अंडी उचलून कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळूच्या उबेवर ती नर होणार की मादी हे ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निघतात. पिल्लं वर यायच्या सुमाराला घरट्यावर टोपली पालथी घालून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली नुसती वाळू होती. दोनशे माणसं मुकाट्याने परतली. दुसऱ्या सकाळी अकरा पिल्लं होती, प्रत्येक माझ्या अंगठ्याहून जेमतेम मोठं. दोरीपलीकडे बसलेली लेक श्वास रोखून पाहत होती. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं, तिसऱ्यांदा गेलं.

काळजी परतताना लागली, आणि ती अजून सुटलेली नाही. पाहुण्यांचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यात शनिवार-रविवारी एका घरात वीस-वीस माणसं येतात. त्याच सुमाराला विहिरीचं पाणी खाली जातं. वीस माणसं म्हणजे वीस बादल्या आणि तितकीच सोडणं. काही जण फोनवरच विचारतात, ‘कासव दिसेल याची खात्री देता का?’ काकू खात्री देत नाहीत, म्हणून ते पाहुणे दुसरीकडे जातात. काहींना एसी हवा, काहींना खोलीला लागून बाथरूम. कर्ज काढून खोल्या बांधाव्यात, असं काकूंच्या मुंबईतल्या मुलाचं म्हणणं आहे. त्याचंही चूक नाही. नाहीतर गावात परत येऊन त्याने करायचं काय?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा काकूंच्या वाडीतले निम्मे माड आडवे झाले. वर्षभर जळणाला तोटा नव्हता, दारातच पडलेलं होतं. त्यानंतर मात्र सोडणं विकत आणायची वेळ आली. नव्याने लावलेल्या रोपांना नारळ धरायला सहा-सात वर्षं तरी लागतात. आणि बंबाला डाग देणारा कारागीर आता पंचक्रोशीत उरलेला नाही. पूर्वी मे महिन्यात दारावर यायचा. आता बंब गाडीत घालून न्यावा लागतो, तोही कुठे न्यायचा याची चौकशी करत.

निघायच्या दिवशी सांध्याखाली ओल दिसली. काकूंनी बोट फिरवलं, बोट ओलं झालं. ‘यंदाचा हंगाम काढेल,’ त्या म्हणाल्या. पडवीत गीझरचा खोका न उघडता ठेवलेला होता, मुलाने दिवाळीत आणलेला.

आमच्या मागून पुण्याचं एक कुटुंब येणार होतं. लेकीने कुणी न सांगता विहिरीवरून बादली आणली, अर्धी सांडली, उरलेली नरसाळ्यात ओतली आणि मगच गाडीत बसली.