दाढेतली चांदी काढायची म्हणताय?

परवा भर दुपारी धाकट्या नणंदेचा फोन आला. पाचवा महिना आहे तिला. म्हणाली, "वहिनी, शनिवारी चारही दाढांतली चांदी काढून घेतेय. मोबाईलवर आलंय, त्यात निम्मा पाराच असतो म्हणे. बाळाला विष नको बाई!"

मी शाळेच्या वह्या तपासत होते, त्या तशाच बाजूला ठेवल्या. काळजी तिची खरी, पण उपाय नेमका उलटा!

ही चांदी म्हणजे नुसती चांदी नव्हे. चांदी, कथील आणि तांबं यांची पूड पाऱ्यात कालवून दाढेत भरतात. वजनानं निम्मा पारा, हेही खरंच. पण भरण घट्ट झालं की तो पारा त्या धातूंत बांधला जातो. चावताना किंवा झोपेत दात खाताना त्याची किंचित वाफ सुटते, ती अगदी थोडी. जास्त सुटते ती भरताना आणि काढताना. यंत्राचं टोक फिरलं की भरण तापतं, त्याची पूड उडते. ही वाफ दिसत नाही, तिला वास नाही. श्वासाबरोबर ती रक्तात जाते आणि वारेतून बाळापर्यंतही पोचते.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं 2020 साली सांगितलं, की गरोदर बायका, मूल हवं असणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या, सहा वर्षांखालची मुलं आणि मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे विकार असलेले, यांना नवी चांदी शक्यतो भरू नये. लोक एवढंच वाचतात! पुढं असंही सांगितलंय, की आधीची चांदी शाबूत असेल तर वैद्यकीय गरज नसताना ती काढू नये. काढताना पारा अंगात जातो तो जातोच, शिवाय दाढेचा चांगला भागही थोडा कोरला जातो.

मग काढायची तरी केव्हा? भरणाचा काठ तुटला, खाली पुन्हा कीड लागली, दाढेला चीर गेली, किंवा भरणाला टेकणाऱ्या गालाच्या आतल्या कातडीवर पांढरे चट्टे उठले, तर डॉक्टर सांगतील तेव्हा. केस गळतात, थकवा येतो, म्हणून चांदी काढा असं कुणी म्हटलं तर बिनधास्त नको म्हणा. पांढरं भरण दिसतं छान, पण सहसा चांदीइतकं टिकत नाही.

काढायचीच वेळ आली, तर कशी काढतात ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माझी एक दाढ एका ठिकाणी तशीच कोरली, पाणीही बेताचंच. तोंडभर करडी पूड आणि दिवसभर जिभेवर धातूची चव! पुढं दुसरी दाढ दुसरीकडे दाखवली, तेव्हा फरक कळला. त्या डॉक्टरीणबाईंनी फुग्याच्या रबरासारखा पातळ पडदा तोंडावर ताणला. बरणीला दादरा बांधावा तसा, फक्त भोकातून दाढ वर. याला रबर डॅम म्हणतात. शेजारी जोरात ओढणारी जाड नळी, दाढेवर सतत गार पाण्याचा फवारा, माझ्या डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी. आणि भरण किसत बसल्या नाहीत. वड्या पाडाव्यात तसे मोठे तुकडे केले नि उचलले. कुठं कुठं नाकावर नळी लावून वेगळी हवाही देतात. तुकडे त्यांनी झाकणाच्या डबीत टाकले, बेसिनमध्ये नाही. पारा गटारातून नदीत गेला, की तिथं त्याचं रूप बदलतं आणि तो माशांत साठतो.

एका वेळी चारही दाढा मुळीच नकोत. आणि विचारायला संकोच कसला? कोथिंबिरीची जुडी आपण उलटीपालटी करून घेतो, ही तर आपली दाढ!

मुलांच्या बाबतीतही लक्षात ठेवा. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारात 2018 पासून आपला देशही आहे. त्या करारातल्या देशांनी 2022 साली ठरवलं, की 15 वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना, डॉक्टरांना अगदीच गरज वाटल्याखेरीज चांदी भरायची नाही. युरोपीय संघानं तर 2025 पासून ती जवळजवळ बंदच केली. तेव्हा लेकराची दाढ किडली तर दुसरं काय भरता येईल, ते विचारा.

गरोदरपणात दाताकडे बघूच नये असं मात्र नाही हं. ठणका लागला, सूज आली तर अंगावर काढू नका. कितवा महिना ते सांगून लगेच दाखवा.

नणंद शनिवारी गेली, पण नुसती तपासून घ्यायला. तीन दाढा ठणठणीत आहेत. चौथीचा काठ जरासा उडालाय, पण दुखत नाही. ती बाळाचं पाजणं सुटल्यावर बघायची ठरलीय. "आणि वहिनी," म्हणाली, "रबराचा पडदा त्यांच्याकडे आहे, बघून आले मी!"