शाळेच्या वाटेचा आराखडा

मोहल्ल्यातली उर्दू प्राथमिक शाळा बहुधा हाकेच्या अंतरावर असते. हायस्कूल मात्र अनेकदा दोन-तीन किलोमीटर दूर, मोठा रस्ता ओलांडून. सातवी-आठवीनंतर मुलींची संख्या उतरू लागली की गरिबी, जुने विचार, लवकर ठरलेले लग्न अशी कारणे सांगितली जातात. ती आहेतच. पण पालकांशी निवांत बोलावे तर कोणी म्हणते, "टीचर, शिकवायला आमची ना नाही. रस्त्याची भीती वाटते."

ही भीती बहाणा नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल असणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. मुलगे आणि मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तेथे फायदा जास्त झाला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते.

पण सायकल दिली आणि रस्ता दिलाच नाही तर? शहरांत हेच झाले आहे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथील महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सावलीचे फुटपाथ झाले. तेथे आजी-आजोबा बाकावर बसलेले दिसतात. मात्र अनेक ठिकाणचे सायकल मार्ग तुटक आहेत. मध्येच झाड, मध्येच खांब, चौक आला की मार्ग गायब. भाड्याच्या सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. मोठ्या रस्त्यावर पैसा खर्च होतो आणि दाट वस्तीतली बोळ तशीच राहते, हे काही पुण्यापुरते खरे नाही.

याचे एक कारण मोजणीत आहे. रस्त्याचे काम निघाले की गाड्या मोजतात. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक पायी आणि १३ टक्के सायकलने जात होते. मोटारीने जाणारे सुमारे तीन टक्केच. यात शाळेला जाणारी मुले नाहीत, भाजी आणायला, दवाखान्यात किंवा मुलाला पोहोचवायला निघालेली गृहिणीही नाही.

खरे तर नियम चांगले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, मोकळी जागा हवी. त्याची कड दीडशे मिलिमीटरपेक्षा, म्हणजे एका वितीपेक्षाही कमी उंच असावी. गुडघेदुखी असलेल्या आपल्या दादीला दर दहा पावलांना फूटभर चढावे-उतरावे लागले तर ती रस्त्यावरूनच चालणार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अडथळामुक्त फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

वाटेतला काटा-दगड बाजूला करावा, हे आपल्याकडे मूल बोलायला लागते तेव्हापासून शिकवतात. मग दुकानाची पायरी चार फूट पुढे कशी येते? बुलेट फुटपाथवरच का लावली जाते? महापालिकेला बोल लावण्याआधी हा हिशेब घरातच होऊ शकतो. फेरीवाल्याला हाकलणे हा मात्र उपाय नव्हे. २०१४ च्या कायद्याने त्याच्या रोजीला संरक्षण दिले आहे. आराखड्यात त्याची जागा आखली की चालणाऱ्यांचीही जागा सुटते.

एखाद्या शनिवारी आई-वडिलांनी आणि मुलांनी घरापासून हायस्कूलपर्यंत मिळून चालून पाहावे. वही मुलीच्या हातात द्यावी. फुटपाथ सोडून रस्त्यावर कुठे उतरावे लागले आणि का, एवढेच तिने लिहायचे. विजेचा डीपी, वाळूचा ढीग, उघडे चेंबर, संध्याकाळी बंद असणारा दिवा. शाळा सुटण्याच्या वेळी अर्धा तास फाटकापाशी थांबून पायी किती, सायकलवर किती, गाडीवर किती हे मोजावे. मुलींना कुठे नकोसे वाटते, हे त्यांनाच विचारावे. नकाशात ते दिसत नाही.

मागण्या छोट्या ठेवाव्यात. फाटकासमोर झेब्रा क्रॉसिंग आणि गतिरोधक, दोन दिवे, एक उतार, शाळेत सायकली लावायला शेड. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातील अशी कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतात. इतर शहरांत नगरसेवकाकडे आणि प्रभाग कार्यालयात, गावात ग्रामसभेत विषय मांडता येतो. अर्जाला मुलीच्या वहीतील पाने, मोजणीचे आकडे आणि चार फोटो जोडावेत. मुख्याध्यापकांची आणि मशिदीच्या विश्वस्तांची सही घ्यावी, कारण नमाजला जाणारे बुजुर्गही त्याच वाटेने चालतात. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.