बंद पडलेली शर्यतीची गाडी पुन्हा धावती करताना

हौसेने घरच्या घरी बांधलेल्या शर्यतीच्या गाडीचे आयुष्य विचित्र असते. ती धावते मोजके दिवस आणि उभी राहते वर्षानुवर्षे. बांधणाऱ्याची नोकरी बदलते, पैसा आटतो किंवा स्पर्धेचे नियमच बदलतात, आणि गाडी पडवीत वा गोदामात ताडपत्रीखाली जाते. मग कधीतरी कोणाला तरी ती पुन्हा चालू करण्याची इच्छा होते. नवी बॅटरी आणली जाते, टाकीत पेट्रोल ओतले जाते आणि किल्ली फिरवली जाते. बऱ्याचदा गाडीचे सर्वांत मोठे नुकसान नेमके याच क्षणी होते. उभ्या राहिलेल्या वर्षांत जे बिघडले नव्हते, तेही त्या एका फेऱ्यात मोडते.

गाडी पेण किंवा रोह्याची असेल, तर हा धोका अधिकच वाढतो. त्याचे कारण येथील हवेत आहे.

खारी हवा, कोंदट पडवी

पेण तालुक्याच्या एका अंगाला धरमतरची खाडी, मिठागरे आणि खारेपाट आहे. रोहे कुंडलिकेच्या काठी वसलेले असून शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. दोन्ही ठिकाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हवेतील दमटपणा पावसाळा सरल्यावरही पुरता जात नाही. रात्री लोखंड थंड झाले की त्यावर दव धरते, आणि त्यात खाडीकडून येणारा मिठाचा अंश मिसळला की गंज वेगाने चढतो.

ताडपत्री यावर उपाय नाही. उलट तिच्याखाली ओल कोंडून राहते. इंजिनातही हीच क्रिया चालते. इंजिन ज्या स्थितीत थांबते, त्या स्थितीत एखाद्या सिलिंडरची झडप उघडी राहिलेली असते. त्या वाटेने दमट हवा आत शिरते, सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटतात. मेकॅनिक ज्याला ‘इंजिन जाम झाले’ म्हणतात, त्याची सुरुवात बहुधा येथे असते. याशिवाय उंदीर वायरी कुरतडतात आणि कुंभारमाशी टाकीच्या हवेच्या नळीत किंवा सायलेन्सरच्या तोंडाशी मातीचे घर बांधते. एवढ्याशा मातीने चांगले इंजिनही बंद पडते.

ज्या गाडीला पुस्तक नाही

कारखान्यात तयार झालेल्या गाडीसोबत दुरुस्तीचे पुस्तक मिळते. घरी बांधलेल्या गाडीला ते नसते, आणि हे समजून घेण्यासाठी या गाड्यांचा इतिहास थोडा पाहावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत आपल्याकडे शर्यती होत त्या मुख्यतः विमानांच्या धावपट्ट्यांवर. मुंबईत जुहू, कोलकात्याजवळ बराकपूर आणि चेन्नईजवळ शोलावरम ही त्यांची ठिकाणे होती. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने हौशी मंडळींनी फियाट, अॅम्बॅसेडर, स्टँडर्ड हेरल्ड अशा देशी गाड्यांची इंजिने आणि सुटे भाग घेऊन स्वतःच शर्यतीच्या गाड्या बांधल्या. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि हलके, सहज मिळणारे इंजिन हाती पडले. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी हेच इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकासनी गाडी तयार केली. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची ‘करी मोटर स्पीडवे’ ही धावपट्टी २००३ मध्ये कोइंबतूरजवळ सुरू झाली. पुढे २००७ पासून ‘बाहा’ आणि २०११ पासून ‘सुप्रा’ या स्पर्धांमुळे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीही अशा गाड्या बांधू लागले.

या सर्व गाड्यांत एक गोष्ट समान असते. इंजिन एका गाडीचे, ब्रेक दुसरीचे, स्टिअरिंग तिसरीचे आणि नळ्यांचा सांगाडा गावातल्या वेल्डरच्या हातचा. कोणता भाग कोठून आला, हे बहुधा बांधणाऱ्याच्या डोक्यातच असते. त्यामुळे पहिले हत्यार पाना नव्हे, वही होय. बांधणारा हयात असेल तर त्याला गाडीजवळ बसवून एकेक भाग विचारून लिहून घ्यावा. तो नसेल, तर भागावरचे क्रमांक वाचावेत, प्रत्येक जोडणीचे छायाचित्र काढावे आणि मगच बोल्ट सैल करावा. इंजिन मारुती ८०० चे आहे एवढे कळले, तरी काम निम्मे सोपे होते. ७९६ घनसेंटिमीटरचे हे तीन सिलिंडरचे इंजिन ओळखणारे मेकॅनिक अजून ठिकठिकाणी भेटतात. मात्र शर्यतीसाठी त्यात काय फेरफार केले होते, हे ठरवल्याखेरीज मूळ गाडीची मापे त्याला लावू नयेत.

आधी सांगाडा

सांगाड्याच्या पोलादी नळ्या आतून गंजतात आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत राहतो. गाडी जॅकवर उचलून भक्कम लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी आणि प्रत्येक नळी लहान हातोडीने हलकेच ठोकावी. निरोगी नळीचा आवाज खणखणीत येतो, पातळ झालेलीचा बद्द. सर्वांत खालच्या नळ्या आणि पाणी साचते ते कोपरे आधी पाहावेत. शंका आल्यास नळीची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने मोजता येते.

वेल्डिंगच्या सांध्यांवरील केसाएवढ्या चिरा डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी रंग शोषून घेणारी चाचणी करतात. सांधा उघडा करून स्वच्छ पुसायचा, त्यावर लाल द्रव फवारायचा, काही वेळाने तो पुसून पांढरा थर द्यायचा. चीर असेल तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ही चाचणी काही दुर्मीळ नाही. रासायनिक कारखान्यांत टाक्यांचे आणि पाइपांचे सांधे याच पद्धतीने तपासतात, त्यामुळे धाटावच्या शेजारी राहणाऱ्याला त्याचा जाणकार सहज शोधता यावा. चालकाच्या डोक्यावरील कमान, पट्टे बांधण्याच्या जागा आणि चाकांचे दांडे जेथे सांगाड्याला जोडलेले असतात ते सांधे, यांत तडजोड चालत नाही.

थांबण्याची व्यवस्था

सांगाड्यानंतर हात घालायचा तो ब्रेकना, इंजिनला नव्हे. जी गाडी धावू शकत नाही ती निरुपद्रवी असते. जी धावते पण थांबत नाही ती जीव घेते.

ब्रेकचे द्रव हवेतील पाणी शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले, तर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. शर्यतीत वारंवार ब्रेक दाबल्याने चकत्या तापतात, आणि पाणी मुरलेले द्रव उकळून नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबले जात नाही; म्हणून पायाखालचा ब्रेक एकाएकी मऊ होऊन तळाला जातो. हे अंगणात हळू चालवताना कधीच लक्षात येत नाही, वेगात वळणापाशी येते.

शिवाय त्याच पाण्याने मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर आतून गंजतात. त्यामुळे जुने द्रव काढून नवे भरणे पुरेसे नाही. सर्व भाग उघडावेत, रबरी सील आणि लवचीक नळ्या नव्या घालाव्यात आणि लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर बदलाव्यात. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगते; ‘१४१२’ म्हणजे २०१२ चा चौदावा आठवडा. असे टायर गाडी ढकलण्यापुरते ठेवावेत. चालकाच्या पट्ट्यांनाही मुदत असते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेचे पट्टे साधारण पाच वर्षांनी बाद धरले जातात, मग ते वापरलेले असोत वा नसोत.

इंजिन हाताने फिरवावे

इंजिनची पाळी आल्यावर सेल्फला हात लावू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे आणि दोन-तीन दिवस मुरू द्यावे. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवावे. हाताला अडथळा जाणवतो, सेल्फला जाणवत नाही. तो जोर लावून चिकटलेली रिंग मोडतो किंवा झडप वाकवतो. अडथळा आला तर थांबावे, आणखी तेल घालून वाट पाहावी. तरीही न फिरल्यास हेड उघडावे लागते. तो खर्च मोडलेल्या पिस्टनच्या खर्चापेक्षा कमीच असतो.

दोन फेरे सुरळीत झाले की टायमिंग बेल्ट बदलावा. रबराचा हा पट्टा कितीही चांगला दिसला तरी वयाने दगा देतो. पाण्याच्या पंपाचे सील, सर्व होज आणि इंजिन ऑइल नवे घालावे. त्यानंतर प्लग काढलेलेच ठेवून सेल्फने इंजिन थोडे थोडे फिरवावे. त्यामुळे भार न पडता तेल सर्व बेअरिंगपर्यंत पोचते. तेलाचा दाब काट्यावर दिसल्याखेरीज पुढे जाऊ नये. याच वेळी तिन्ही सिलिंडरांचा कॉम्प्रेशनचा दाब मोजून वहीत लिहावा. आकडा किती आला यापेक्षा तिघांत फरक किती आहे, हे अधिक बोलके असते.

पेट्रोल आणि आग

जुने पेट्रोल पेट्रोल राहत नाही. त्यातील हलके अंश उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, कार्ब्युरेटर सुटा करून साफ करावा.

आणखी एक बदल ध्यानात घ्यायला हवा. गाडी उभी राहिली तेव्हाचे पेट्रोल आणि आजचे पेट्रोल एक नव्हे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये हे प्रमाण देशभर गाठले गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व सील सुजवते वा ठिसूळ करते. जुनी नळी नव्या पेट्रोलने गळू लागली आणि ते थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडले, तर फायबरच्या बॉडीची गाडी काही मिनिटांत भस्मसात होते. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात. शेजारी अग्निशामक आणि चालवणाऱ्याच्या हाताशी विद्युतपुरवठा तोडणारे बटण असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. टाकीला वेल्डिंग करायचे असेल, तर रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ उरलेली असते.

पहिली सुरुवात उघड्यावरच करावी. बंद पडवीत सायलेन्सरचा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वास नसतो. इंजिन सुरू झाल्यावर ते लगेच तापवून रेस करण्याचा मोह टाळावा. काही मिनिटे चालवून बंद करावे, गळती पाहावी, पुन्हा बोल्ट आवळावेत, मग दुसऱ्यांदा सुरू करावे.

धावायचे कोठे?

गाडी सुरू झाली की खरा प्रश्न उभा राहतो. वडखळ नाक्यापासून कोलाडपर्यंतचा मुंबई-गोवा महामार्ग समोर असतो, आणि रात्री एक फेरी मारून पाहण्याची इच्छा स्वाभाविक असते. ती टाळलीच पाहिजे. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. एमएच-०६ मालिकेचे परिवहन कार्यालय पेणमध्येच आहे. पण दिवे, बंपर, हॉर्न नसलेल्या आणि कोणत्याही मान्यताप्राप्त नमुन्यात न बसणाऱ्या गाडीची नोंदणी तेथे होणे जवळपास अशक्य आहे. रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे हा त्याच कायद्याच्या कलम १८९ खाली वेगळा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचा भाग सोडला तरी, ज्या गाडीचे ब्रेक अजून एकदाही पूर्ण जोराने तपासलेले नाहीत, ती एस.टी., ट्रक आणि पायी चालणाऱ्यांच्या रस्त्यावर नेणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पहिल्या हळू चाचण्या मालकाच्या लेखी परवानगीने एखाद्या खासगी, कुंपण असलेल्या जागेत घ्याव्यात. त्यानंतर गाडी ट्रकवर वा ट्रेलरवर घालून धावपट्टीवर न्यावी. कोइंबतूरची करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असलेली सुमारे ३.७ किलोमीटरची धावपट्टी या त्यातील जुन्या जाणत्या जागा आहेत. शर्यतीत उतरायचे असेल, तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा परवाना आणि तांत्रिक तपासणी अटळ आहे. ही तपासणी अडथळा मानू नये. गाडी ज्याने बांधली किंवा जागवली त्याची नजर तिच्यावरील प्रेमाने अधू झालेली असते, तपासनिसाची नसते.

कामाचे वेळापत्रक येथील ऋतूंनीच ठरवून दिले आहे. दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागते. सांगाडा आणि ब्रेक दिवाळीपर्यंत, इंजिन पौषापर्यंत आणि चाचण्या होळीच्या आत, असा बेत आखला तर पुढच्या पावसाआधी गाडी धावती होते. सांगाडाच पोकळ निघाला, तर मात्र तो निर्णय धैर्याने घ्यावा. इंजिन नव्या सांगाड्यात जाऊ शकते आणि जुना सांगाडा मापे घेण्यासाठी उपयोगी पडतो. काम पुरे झाल्यावर वही गाडीतच ठेवावी आणि गाडी पुन्हा उभी करण्याची वेळ आली, तर टाकी रिकामी करून, सिलिंडरमध्ये तेल सोडून, चाके जमिनीपासून उचलून, हवा खेळेल अशा जागी ठेवावी. महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे दिली, तर पुढच्या माणसाचे एक वर्ष वाचते.