रजोनिवृत्ती : व्याधी नव्हे, अवस्थांतर

जेऊर परिसर हा उजनीच्या पाण्यावर फुललेला ऊसपट्टा. येथे राबणाऱ्या अनेक भगिनी पाळीच्या तक्रारी अंगावर काढतात. असह्य झाले की ‘पिशवीच काढून टाका’ म्हणतात. बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

पंचेचाळीस ते पन्नाशीच्या सुमारास बीजकोशांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम येणे, झोपमोड, चिडचिड ही त्याची लक्षणे. सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे समजावे. हा निसर्गक्रम आहे. स्त्रीत्वाचा अंत नव्हे. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेल्यास मात्र हाच बदल एकाएकी ओढवतो आणि हाडे अकाली ठिसूळ होऊ लागतात.

दूध, तीळ, पालेभाज्या, पुरेशी विश्रांती आणि घरच्यांचा समजूतदारपणा यांनी पुष्कळसा त्रास सुसह्य होतो. न झाल्यास औषधोपचार उपलब्ध आहेत. परंतु पाळी थांबून वर्ष लोटल्यावर थेंबभरही रक्त दिसले, तर तपासणी लांबवू नये. अशा वेळी कुटुंबीयांनी आपल्या माता-भगिनींस स्वतः सोबत घेऊन यावे, ही नम्र विनंती.